न दिलेला चेहरा



दर रविवारच्या वंदनेत आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातलं दुसरं शील आपल्यापैकी बहुतेकांना सोपं वाटतं. आपण नोकरी करणारी माणसं. पगार खात्यात येतो, टॅक्स परस्पर कापला जातो, कोणाच्या खिशात हात घालण्याची वेळ येत नाही. खोटं न बोलण्याच्या शिलापाशी मन थोडं चाचरतं, पण दुसरं शील म्हणताना आवाज खणखणीत येतो.

मूळ शब्दाकडे मात्र एकदा नीट पाहा. अदिन्नादान. 'दिन्न' म्हणजे दिलेलं, 'अदिन्न' म्हणजे न दिलेलं, आणि 'आदान' म्हणजे घेणं. चोरी कशाला म्हणायचं हे कायद्याचं पुस्तक सांगतं. एखादी गोष्ट दिलेली आहे की नाही, हे मात्र समोरच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे या शिलाची व्याप्ती चोरीपेक्षा बरीच मोठी आहे.

ती किती मोठी आहे, याचा विचार मला एका फोटोग्राफी वर्कशॉपने करायला लावला. त्यातून पुढे आलेला प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. अनोळखी माणसाचा फोटो काढताना आपण त्याच्याकडून काही घेतो का? घेत असू, तर ते त्याने दिलेलं असतं का? आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे, म्हणून हा प्रश्न फक्त छायाचित्रकारांचा राहिलेला नाही.

मी टेक्सासमध्ये राहतो. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर न्यूयॉर्कला होतो. आपल्यापैकी कोणीही त्या शहरात गेलं की कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब १९१३ साली शिकायला आले, तिथे जाऊन येतं. मीही जाऊन आलो. त्यानंतरचा रविवार मोकळा होता, म्हणून दिवसभराच्या 'स्ट्रीट फोटोग्राफी' वर्कशॉपला नाव नोंदवलं. आम्ही आठ जण होतो. शिकवणारा माणूस आपल्या कामात तयार होता. सकाळच्या दोन तासांत त्याने जे शिकवलं ते मला मनापासून आवडलं. लेन्स रुंद ठेवा, अॅपर्चर एफ-८, शटर १/५००, फोकस दोन मीटरवर बांधून टाका. मग कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज नाही. तो छातीशी लटकत असतानाच, दोन मीटरच्या आसपास जे येईल ते स्पष्ट टिपलं जातं. इंजिनिअर माणसाला असा हिशोब लगेच पटतो.

त्यानंतरचा धडा होता समोरच्याच्या लक्षात न येण्याचा. माणसाच्या डोळ्यांत पाहू नका, त्याच्या खांद्यावरून मागच्या इमारतीकडे पाहा. फोटो काढल्यावर थांबू नका. त्याने पाहिलंच तर हसा आणि चालू लागा. आधी विचारायचं मात्र नाही. विचारलंत की फोटो मेला, असं त्याचं म्हणणं.

सरावासाठी त्याने आम्हाला चायनाटाऊनमधल्या कोलंबस पार्कमध्ये नेलं. तिथे म्हातारे चिनी स्त्री-पुरुष पत्ते आणि चिनी बुद्धिबळ खेळत बसलेले असतात. काम असं होतं: एका तासात दहा चेहरे, दोन मीटरच्या आतून, न विचारता. एका टेबलावर पत्ते खेळणाऱ्या बाईंनी कॅमेरा जवळ आलेला पाहिला आणि हातातलं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. आमच्यातल्या एकाने नेमक्या त्याच क्षणी बटण दाबलं. दुपारी लॅपटॉपवर सगळ्यांचे फोटो पाहिले गेले, तेव्हा शिक्षकाने याच फोटोचं सर्वांत जास्त कौतुक केलं. सुरकुतलेला हात, वर्तमानपत्राच्या कडा, मागे थबकलेले खेळाडू. फोटो खरंच चांगला होता, हे मान्य करायला हवं. पण त्या बाईंनी 'नाही' म्हणण्यासाठी हात वर केला होता, आणि आता तो नकारच पडद्यावर कौतुकाचा विषय झाला होता.

जेवताना मी शिक्षकाला विचारलं, त्या बाईंनी स्पष्ट नकार दिला होता, त्याचं काय? त्याने उत्तर दिलं ते कायद्याचं. सार्वजनिक जागी उभं राहून दिसेल त्याचा फोटो काढण्याचा अधिकार आहे. त्याचं उत्तर बरोबर होतं. याच शहरातला एक खटला या विषयावरच्या चर्चेत नेहमी निघतो. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश बांधून, स्वतः दूर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांपैकी एक होते वृद्ध, कर्मठ ज्यू गृहस्थ. आपला चेहरा गॅलरीत लागला आहे आणि त्याच्या प्रती हजारो डॉलरना विकल्या गेल्या आहेत, हे त्यांना काही वर्षांनी कळलं. आपल्या धर्मात प्रतिमा निषिद्ध आहे, असं म्हणून ते कोर्टात गेले. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दावा फेटाळला. ही कला आहे आणि कलेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं कोर्टाने म्हटलं.

जर्मनीत मात्र उलटं आहे. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले, तेव्हा दोन फोटोग्राफर त्यांच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि १९०७ च्या कायद्यात तत्त्व आलं की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. अर्थात त्याला काही अपवाद आहेत. एकच कृती न्यूयॉर्कमध्ये चालते आणि बर्लिनमध्ये अडचणीत आणते. विमानात बसून आठ तास प्रवास केला की कायदा बदलतो. शील बदलत नाही. म्हणून 'कायद्यात बसतं' हे उत्तर आपल्याला पुरेसं नाही.

इथे बाबासाहेबांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. 'जातिनिर्मूलन'मध्ये ते नियम आणि तत्त्व यांत फरक करतात, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तोच धागा पुन्हा येतो. नियम काय करायचं ते सांगतो आणि विचार करण्याची जबाबदारी काढून घेतो. तत्त्व आपल्याला मोकळीक देतं आणि त्याबरोबर जबाबदारीही देतं. दुसरं शील मी नियम म्हणून घेतलं, तर 'कधीही, कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये' असं होईल. मग लग्नाच्या मांडवातही प्रत्येकाला विचारत फिरावं लागेल. तत्त्व म्हणून घेतलं, तर प्रत्येक वेळी पाहावं लागतं की इथे नक्की काय घेतलं जातंय आणि कोणाकडून.

काय घेतलं जातंय? काहीजण म्हणतील, काहीच नाही. पाकीट घेतलं तर पाकीट जातं. चेहरा तर तिथेच राहतो. आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना या युक्तिवादातली गफलत लगेच कळेल. एखाद्या कंपनीचा डेटा चोरीला जातो तेव्हा मूळ फाइल सर्व्हरवर तशीच असते, तरी आपण त्याला चोरीच म्हणतो. कारण ती माहिती कोण पाहणार, कुठे वापरणार, कशाला जोडणार, हे ठरवण्याचा हक्क मालकाच्या हातून गेलेला असतो. फोटोतही तेच होतं. चेहरा जागेवर राहतो, पण त्याच्याखाली काय ओळ लिहिली जाईल हे ठरवण्याचा हक्क जातो. आपल्याबद्दल काय सांगितलं जावं, यात माणसाला काही वाटा असतो. न विचारता काढलेल्या फोटोत तो वाटा आपण घेऊन टाकतो.

ज्या पार्कमध्ये आम्ही उभे होतो त्या जागेचाच इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मलबेरी बेंड नावाची दाट, दरिद्री वस्ती होती. जेकब रिस हा डेन्मार्कहून आलेला बातमीदार रात्री तिथल्या खोल्यांत जाऊन मॅग्नेशियमची पूड पेटवून फोटो काढायचा. अंधारात एकदम भडका उडे आणि माणसं घाबरून उठत. एकदा तर आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत त्या भडक्याने आग लागली आणि ती त्याला स्वतः विझवावी लागली. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. १८९० मध्ये त्याचं 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक आलं. लोक हादरले, सुधारणांना जोर आला, वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. म्हणजे फोटोंनी भलं केलं. पण त्याच पुस्तकात रिसने इटालियन, ज्यू आणि चिनी लोकांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. लोकांना झोपेतून उठवून त्यांचे चेहरे घेतले, आणि ते लोक कसे आहेत हेही त्यांना न विचारताच लिहिलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोचरं आहे. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे शेकडो फोटो आहेत. फोटोसोबत त्या जातीचा स्वभाव लिहिलेला: अमुक चोरटे, तमुक आळशी. माणसाचा चेहरा जातीचा नमुना म्हणून छापला. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुलांसह लंडनला गेले होते. इंडिया ऑफिसात हा ग्रंथ पाहत असताना एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला विचारलं, 'तू हिंदुस्थानी का?' मुलाचा चेहरा लाल झाला. त्याने हो म्हटलं आणि लगेच खुलासा केला की आपण तिथल्या आदिवासींपैकी नाही, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले आहेत.

त्या मुलाला राग येणं स्वाभाविक होतं. पण त्याला निदान खुलासा करायची संधी मिळाली, कारण तो त्या खोलीत उभा होता. पुस्तकातला माणूस तिथे नव्हता. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तोच गैरहजर, आणि बाकी सगळे त्याच्याबद्दल बोलताहेत. बंधूंनो आणि भगिनींनो, ही स्थिती आपल्या आजोबा-पणजोबांनी शतकानुशतकं भोगली. गावात त्यांच्याविषयी सगळं इतरांनी ठरवलं: त्यांचं नाव, कपडे, वाट, पाणी. म्हणून 'फोटोने काय जातं?' असं इतर कोणी म्हणालं तर समजू शकतो. आपण मात्र ते म्हणू शकत नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू या. पहिला त्या शिक्षकाचा. विचारलं की माणूस सावध होतो, पोझ देतो, आणि मग खरा क्षण हाती लागत नाही. यात तथ्य आहे. पण न विचारता टिपलेला क्षण खरा कशावरून? त्याच दुपारी मी फुटपाथवर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध चिनी माणसाला विचारून फोटो काढला. तो आधी म्हणाला, थांब, हा बूट होऊ दे. मी थांबलो. मग पहिला फोटो त्याला दाखवला, तो त्याला पसंत पडला नाही. त्याने हाताने खुणावलं की हत्यारं आली नाहीत. त्याने रापी, आरी, हातोडी पेटीतून काढून नीट मांडली, रापी हातात घेतली आणि ताठ बसला.

मी न विचारता काढलेला फोटो बहुधा वाकलेल्या पाठीचा झाला असता, आणि पाहणाऱ्यांना त्यात गरिबी दिसली असती. आपल्या देशात तर त्या हत्यारांवरून माणसाची जात ठरवली जायची, त्यामुळे ती हत्यारं चौकटीबाहेर ठेवावीत असंही माझ्या मनात आलं असतं. त्याला मात्र ती हवी होती. ते त्याचं कसब होतं, आणि ते लोकांनी पाहावं असं त्याला वाटत होतं. हे त्याच्याशिवाय मला कोण सांगणार? विचारण्याने एक क्षण गेला हे खरं, पण त्या बदल्यात समोरच्याचं म्हणणं चित्रात आलं. मला वाटतं, संमतीचा खरा अर्थ हाच. ती सहीपुरती किंवा 'अलाऊ'च्या बटणापुरती नसते. आपण रोज अॅप्स बनवतो आणि वापरतो. कॅमेरा वापरू का, अशी परवानगी अॅप फोनच्या मालकाकडे मागतं. ज्याच्यावर कॅमेरा रोखलाय त्याला कोणीच विचारत नाही. त्याला विचारण्याचं काम सॉफ्टवेअर करणार नाही, ते आपणच करायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो आपल्याच बाजूचा आहे. प्रत्येक फोटोला परवानगी लागली, तर अन्याय उघडा कसा पडणार? लुईस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत येऊ देत नसत, म्हणून ते कधी बायबल विक्रेता, तर कधी आणखी कोणी बनून आत शिरत. २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉईड यांच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता, तेव्हा सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने फोनवर चित्रण केलं. तिने आधी पोलिसाची परवानगी मागायला हवी होती का? मॅनहोलमध्ये माणूस उतरवणाऱ्या कंत्राटदाराची परवानगी आपण घेत बसायची का?

उत्तर स्पष्ट आहे: नाही. सत्तेच्या जागेवर बसून दुसऱ्याला इजा करणाऱ्याला लपण्याचा हक्क नाही. हाइन यांनी परवानगी टाळली ती मालकांची. मुलं मात्र त्यांच्या बहुतेक फोटोंत सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात. हाइन त्यांना नाव-वय विचारत आणि टिपून ठेवत. फोटो कोणाचा, हे त्यांनी हरवू दिलं नाही. याउलट १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी टिपलेली कॅलिफोर्नियातली स्थलांतरित आई जगभर प्रसिद्ध झाली, पण लँग यांनी तिचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये, आणि त्या फोटोबद्दल तिच्या मनात कडवटपणा होता. आपल्या मुंबईतल्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना कळतं की घाणीतला माणूस दाखवूनही त्याची प्रतिष्ठा राखता येते. तेव्हा प्रश्न नुसता 'परवानगी घेतली का' असा नाही. ती कोणाची घेतली आणि कोणाची टाळली, हे पाहायला हवं.

सर्वांत अवघड प्रसंग येतो पीडिताच्या देहाचा. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारलं. त्याची आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, अशी त्यांची भूमिका होती. 'जेट' मासिकाने ते फोटो छापले आणि देश ढवळून निघाला. ते फोटो पाहवत नाहीत. पण ते दिलेले आहेत. ज्या आईला द्यायचा हक्क होता, तिने तो जाणून वापरला.

आता २९ सप्टेंबर २००६ आठवा. खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांच्या मृतदेहांचे फोटो त्यानंतर हातोहात आणि इंटरनेटवर फिरले. ज्या घटनेकडे वर्तमानपत्रांनी आधी दुर्लक्ष केलं, ती घटना रस्त्यावर यायला त्या फोटोंचा हातभार लागला, हे नाकारता येत नाही. पण ते फोटो अजूनही दर वर्षी कोणी ना कोणी ग्रुपवर टाकतं. आंदोलनाच्या वेळी ते दाखवणं आणि आज 'फॉरवर्ड' करणं, या दोन कृती एकच आहेत का? मला तसं वाटत नाही. पहिलीत न्यायाची मागणी होती, दुसरीत बहुतेक वेळा नुसती सवय असते. आपल्याच आया-बहिणींचे देह असे पुन्हा पुन्हा उघडे करताना, ते आपल्याला कोणी दिले, हा प्रश्न प्रत्येकाने बोट बटणावर ठेवण्याआधी स्वतःला विचारावा.

इथवर आपण कॅमेऱ्यासमोरच्या माणसांचा विचार केला. आता कॅमेऱ्यामागे कोण आहे ते पाहू. परदेशातली आपली मंडळी दर वर्षी गावाकडच्या वसतिगृहांना, शाळांना मदत पाठवतात. वह्या, दप्तरं, सायकली, फी. त्याचे फोटो येतात. एका ओळीत उभी मुलं, प्रत्येकाच्या हातात दप्तर, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर देणाऱ्यांची नावं आणि बोधचिन्ह. मग ते फोटो आपण अभिमानाने फेसबुकवर टाकतो. हेतू वाईट नाही. पैसे योग्य जागी पोहोचले का, हे देणाऱ्याला कळायलाच हवं, आणि एकाचं पाहून दुसरा दान देतो.

पण त्या रांगेतल्या मुलीचा विचार करा. ती सातवीत आहे. वर्गातल्या इतर मुलींकडे फोन आहेत. मदत कोणाला मिळाली, हे त्या फोटोने साऱ्या तालुक्याला कळतं. आणि कोणी तिला विचारलं असतं, 'फोटो काढू का?', तर ती 'नको' म्हणू शकली असती का? दप्तर देणारा समोर उभा असताना? कोलंबस पार्कमधल्या त्या बाईंना वर्तमानपत्र आडवं धरता आलं. या मुलीला तेवढीही सोय नाही. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला दिलेलं म्हणता येत नाही. म्हणजे एका हाताने आपण दान देतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने न दिलेलं घेतो. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची लक्षणं सांगितली आहेत. ते आदराने दिलेलं असावं आणि त्याने स्वतःला वा दुसऱ्याला इजा होऊ नये, ही त्यांपैकी दोन आहेत. या दोन कसोट्यांवर आपल्या फोटोंचे अल्बम लावून पाहावेत.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात राहून शिकले. स्वतः बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आले. मदत घेणं कमीपणाचं नाही. पण मदत घेणाऱ्या मुलाला देणाऱ्याच्या फ्लेक्सखाली उभं करणं हा त्या मदतीचा भाग असू शकत नाही.

मग करायचं काय? मज्झिम निकायात अम्बलट्ठिकराहुलोवाद सुत्त आहे. सम्राट अशोकाने आपल्या एका शिलालेखात भिक्खू आणि उपासकांना जे उपदेश वारंवार ऐकायला सांगितले, त्यांत राहुलाला केलेल्या उपदेशाचाही उल्लेख आहे. बुद्ध राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असं राहुल सांगतो. तसंच प्रत्येक कृतीकडे पाहावं, असं बुद्ध म्हणतात: करण्याआधी, करत असताना आणि केल्यानंतर. यातून मला, इतरांना किंवा दोघांना इजा होते का? गंमत म्हणजे आपल्या कॅमेऱ्यांतही बराच काळ आरसाच होता. राहुलाला सांगितलेल्या या तीन पायऱ्या फोटोला जशाच्या तशा लागू पडतात.

बटण दाबण्याआधी पाहावं की समोरचा माणूस माझ्यापेक्षा बलवान आहे की दुर्बळ, आणि त्याला नाही म्हणता येईल का. सभेत भाषण करणाऱ्या मंत्र्याला विचारायची गरज नाही. दवाखान्यातल्या रुग्णाला, झोपलेल्या मजुराला, मदत घेणाऱ्या मुलाला आहे, आणि जो मोकळेपणाने उत्तर देऊ शकत नाही त्याचा चेहरा सोडूनच द्यावा. फोटो काढत असताना चेहरा वळला, हात आडवा आला, तर कॅमेरा खाली करावा. काढल्यानंतर त्याला दाखवावा, 'काढून टाका' म्हणाला तर त्याच्यासमोर काढून टाकावा. प्रसिद्ध करण्याआधी एकच कसोटी लावावी: हा फोटो आणि याच्याखाली मी लिहिलेली ओळ, त्या माणसाशेजारी उभं राहून त्याला वाचून दाखवता येईल का?

आपल्या कार्यक्रमांतही हे सहज करता येईल. बुद्ध जयंतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला फोटो काढणाऱ्या तरुणांना आधी सांगून ठेवावं की ध्यानाला बसलेल्यांचे, दुःखात असलेल्यांचे आणि लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वह्यावाटपासाठी गावच्या कार्यकर्त्यांना पैसे पाठवतानाच कळवावं की आम्हाला पावती पाठवा, वह्यांच्या गठ्ठ्यांचा, नव्या पुस्तकांच्या कपाटाचा, दुरुस्त झालेल्या छपराचा फोटो पाठवा, मुलांना रांगेत उभं करू नका. एखाद्या मुलाला आपणहून पत्र लिहावंसं वाटलं, आपल्या चित्राचा किंवा निकालाचा फोटो पाठवावासा वाटला, तर तो जरूर येऊ द्या. ते त्याने दिलेलं असेल. जूनमध्ये शाळा सुरू होतील, त्याआधी हे पत्र गावाकडे जायला हवं.

जय भीम. नमो बुद्धाय.